तीनदा हाक

बाबांची पुस्तकं म्हणजे भुताखेतांची, मंतरलेल्या आरशांची, मेलेल्यांशी बोलायच्या रीतींची. लोक ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत. घरात मात्र बाबांची डाळ कधी शिजली नाही. प्रुफं तपासता तपासता आई म्हणायची, "मेलेल्यांना उठवतात म्हणे! आधी स्वतः आठच्या आत उठून दाखवा." बाबा गालातल्या गालात हसायचे.

आई गेली, तशी लेक तान्ह्या बाळाला घेऊन त्यांच्याकडे राहायला आली. बाबांनी लिहिणं टाकलं होतं. सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती अडून राहिली होती, प्रकाशक फोन करून दमला होता. एका दुपारी मात्र बाबांनी खोलीत समोर आईची खुर्ची मांडली आणि आपल्याच पुस्तकातला विधी आपल्यासाठी करायला बसले. दाराच्या फटीतून लेकीला ते दिसलं.

पुस्तकात लिहिलं होतं, गेलेल्या माणसाला तीनदा नावानं हाक मारावी.

बाबांनी आईचं नाव घेतलं. त्यांच्या तोंडी ते नाव लेकीनं जन्मात ऐकलं नव्हतं. बँकेत कारकुनानं पुकारावं, तसं वाटलं ते. बाबांनाही तसंच वाटलं असावं. दुसऱ्यांदा घेताना ते अडखळले. त्यांचा अख्खा संसार 'अगं' आणि 'अहो'वर झाला होता.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. त्याला खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघरात वळली, गॅसवरच्या दुधापाशी थोपटत उभी राहिली. आणि आतून हाक आली, अगदी पूर्वीसारखी, जराशी वैतागलेली.

"अगं, ऐकलंस का?"

दूध वर येत होतं. तिच्या तोंडून आपसूक गेलं, "आले हो, आले!"

तिचा आवाज हुबेहूब आईचा. फोनवर मावश्यासुद्धा फसायच्या.

दार धाडकन उघडलं. बाबा धावतच आले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की तिला गॅस बंद करायचं सुचेना. मग त्यांना ती दिसली, बाळ दिसलं, उतू चाललेलं दूध दिसलं.

"तू होय," ते म्हणाले.

"बाबा, मी मुद्दाम नाही हो..."

"माहीत आहे, चिमणे." गॅस त्यांनीच बंद केला. फडक्यानं ओटा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. मग पाठमोरेच म्हणाले, "परत एकदा म्हणशील? मी आतून हाक मारतो."

ते आत गेले. दार लोटलं.

"अगं?"

तिनं बाळाला घट्ट धरलं. "आले हो," म्हणाली. या वेळी आवाज तिचा स्वतःचाच निघाला.

दार उघडलं नाही.