ऐंशीच्या रस्त्यावर दीडशे

जगतपुऱ्याच्या रस्त्यावर आमचे हे गाडी चालवतात तेव्हा उंटगाडीवालासुद्धा वळून बघतो, ही मोटार बंद पडलीये की काय म्हणून. काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा ह्यांचा नियम. कॉलेजची पोरं स्कूटीवरून दोन्ही बाजूंनी सुसाट निघून जातात, एखादा “अंकलजी, पैदल आ जाते!” असं ओरडतोही, आणि हे स्टिअरिंगला चिकटून मला ऐकवतात, “सुलोचना, वेग हा शिस्तीचा विषय आहे.” शिस्तीचा म्हणे! डोंबलाची शिस्त.

हे म्हणजे शेषराव वानखेडे, रेल्वेतले निवृत्त लोको इन्स्पेक्टर. आम्ही मूळचे अकोल्याचे. बदलीवर जयपूरला आलो आणि इथेच फ्लॅट घेऊन राहिलो. लोको इन्स्पेक्टर म्हणजे इंजिन ड्रायव्हरांच्या डोक्यावर बसलेला माणूस. इंजिनात वेगाची नोंद होते, ती काढून बघायची आणि जास्त वेगाने गेला त्याला धरायचं. रूळ कच्चा म्हणून जिथे तीसनेच जायचं, तिथे कुणी छत्तीसने गेला की संपलं, चार्जशीट. भगवान ड्रायव्हरची बायको एकदा आमच्या दारात येऊन रडली. पोरीचं लग्न तोंडावर आलंय, साहेबांना सांगा म्हणाली. हे आतल्या खोलीत पेपर वाचत बसले, बाहेरसुद्धा आले नाहीत. “चूक केली तर भोगायची,” इतकंच म्हणाले, तेही पेपरला.

तर अशा ह्या हरिश्चंद्राची गोष्ट ऐका.

आमचा संकल्प स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला आहे. दवाखान्यांमधल्या तपासणीच्या मशीन दुरुस्त करतो. आज या गावी, उद्या त्या गावी, सगळं गाडीने. गाडीचं लायसन्स गेलं तर त्याची नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर तिथे राहण्याची परवानगीही गेली, इतकं ते सरळ आहे. मागच्या जूनमध्ये त्याने आम्हां दोघांना तिकडे बोलावलं. लेकरानं काय नाही केलं! बोटीत बसवलं, बर्फात नेलं, बापाला दोन वेळा पोळी लागते म्हणून कणीक शोधून आणली. पण ह्यांचं लक्ष रस्त्यावरच्या गाड्यांवर. एक लाल, बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार बघितली आणि हे लहान मुलासारखे मागे लागले. “एकदा बसायचंय रे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इंजिनात बसलो.”

संकल्पने एका दिवसासाठी तशी गाडी भाड्याने घेतली. त्याच्या नावावर. चालवायची परवानगीही त्याला एकट्यालाच, हे त्याने ह्यांना तीन भाषांत समजावलं. दोघांनी सारख्या टोप्या घेतल्या, सारखे काळे गॉगल घेतले. बापलेकाची चेहऱ्याची ठेवणही तीच. तिसऱ्या माणसाला गाडीत जागा नाही, म्हणून मी खाली गावातल्या कॉफीच्या दुकानात दशम्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

परत आले तेव्हा ह्यांचा चेहरा लालबुंद आणि पोराचा पांढराफटक. वरच्या एका वळणावर फोटो काढायला म्हणून हे चालकाच्या जागेवर बसले आणि उठायलाच तयार होईनात. “दोन मिनिटं दे, समोर रस्ता मोकळा आहे.” पोरगं बापाला हात धरून कसं खाली ओढणार? शेजारी जाऊन बसलं बिचारं. आणि जयपुरात चाळीसच्या वर न जाणारा हा माणूस ऐंशीच्या रस्त्यावर एकशे एकोणपन्नासने गेला. खांबावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. ह्यांना वाटलं, वीज चमकली!

आम्ही जयपूरला परतल्यावर काही दिवसांनी संकल्पचा फोन आला.

“आई, मतलब, मी फसलोय,” तो म्हणाला. पोलिसांनी विचारलं होतं, गाडी तुझ्या नावावर, चालवत कोण होतं? फोटोत काचेवर ऊन पडलेलं. दोन टोप्या, दोन गॉगल, कोण बाप नि कोण पोरगा काही कळत नाही. “इथे ऐंशीच्या रस्त्यावर साठ जास्त गेलं की तो दंड नसतो, आई. तो गुन्हा असतो. लायसन्स दोन वर्षांसाठी जातं. कोर्ट, आणि वाटलं तर तुरुंगही. वकील म्हणतो, बाबांनी फक्त लिहून द्यावं की मी चालवत होतो. नाहीतर माझ्या एकट्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

“बाबांचं काय होईल?”

“ते भारतात आहेत. त्यांच्या नावावर केस राहील. परत इकडे येणं कठीण होईल, बस.”

मला वाटलं, एका ओळीचं तर काम आहे. कुठलाही बाप डोळे मिटून करेल. मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि साहेबी आवाज काढला.

“हे बघ, तू तुझंच नाव दे. आपल्या खात्यात असंच असतं. चूक ज्युनिअरच्या नावावर टाकायची. त्याचं वय लहान, सर्व्हिस बाकी, पुढेमागे ॲडजस्ट होतं. माझी छत्तीस वर्षांची सर्व्हिस आहे, एक डाग नाही. त्या लोकांनी उद्या रेल्वे बोर्डाला पत्र पाठवलं तर माझं पेन्शन अडकेल.”

ऐकलंत? स्वित्झर्लंडचा पोलीस कामधंदा सोडून रेल्वे बोर्डाला पत्र लिहिणार, की तुमचा निवृत्त शेषराव घाटात उधळला होता! मी म्हटलं, “अहो, ते काय जयपूर डिव्हिजन आहे? तिथे कोण तुमचं ॲडजस्ट करणार?” तर मलाच म्हणतात, “तुला ऑफिसचं काही कळत नाही.” नाही कळत बाबा. पोटच्या पोराला पुढे करून मागे लपायचं, हे कुठलं ऑफिस ते मला खरंच कळत नाही.

मी रडले, भांडले, दोन दिवस बोलणं टाकलं. रूपालीने, आमच्या मुलीने, अजमेरहून फोन करून बापाला सुनावलं. हे ढिम्म. सोमवारपर्यंत संकल्पला उत्तर द्यायचं होतं. आणि तिकडे ते वेडं पोरगं म्हणत होतं, “राहू दे आई, बाबांची बीपीची गोळी चालू आहे. मी माझंच नाव देतो.”

आता खरी मजा. पोलिसांसमोर तोंड न उघडणारा हाच माणूस इकडे गावभर सांगत सुटला होता! दूधवाल्याला सांगितलं. लिफ्टमध्ये सांगितलं. कानोत्याच्या धरणावर वसाहतीची सहल गेली होती, तिथे भेळ खाताना सांगितलं, आणि दर वेळी वेग थोडा वाढलेला. पोलिसांना नाही सांगायचं, पण शेजाऱ्यांना सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. ह्याला म्हणायचं तरी काय?

आमच्या वसाहतीत छोटंसं मराठी मंडळ आहे, बहुतेक सगळी रेल्वेची घरं. त्या रविवारी मंडळात ह्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, ‘आमची स्विस सफर’. मी म्हटलं होतं, जाणार नाही. मग सकाळी भाजी निवडताना मला एकदम सुचलं, आणि मी चांगली साडी नेसून ह्यांच्या आधी तयार होऊन बसले. हे खुश. “राग गेला वाटतं,” म्हणाले.

हॉलवर जयंत होता. मंडळाचे व्हिडिओ तोच काढतो. जयपुरातच वाढलेला, मराठी बोलताना दर वाक्याला अडखळतो, पण गुणी. मी त्याला बाजूला घेतलं. “जयंता, शेवटी प्रश्न विचारतात ना, तोपर्यंत फोन चालू ठेव. बंद करू नकोस.”

“काकूजी, लोक प्रश्न में बोअर होतात, मतलब, मी ते काटून टाकतो.”

“आज नको काटू. आणि संपल्यावर आधी मला पाठव.”

व्याख्यान काय वर्णावं! कोट घालून उभे. डोंगर पाच मिनिटांत उरकले, तळी दोन मिनिटांत, आणि मग आली ती लाल गाडी. स्टिअरिंग असं, इंजिनाचा आवाज तसा, वळण काय, वारा काय. “शासन वेग ठरवतं सामान्य माणसासाठी,” असंही एक वाक्य फेकलं. मागच्या रांगेत तोच भगवान ड्रायव्हर बसला होता, तो मान खाली घालून हाताच्या नखांकडे बघत होता. माझा जीव जळला. माझ्या शेजारी यमुनाताई होत्या, त्या कुजबुजल्या, “वहिनी, भाऊसाहेब भारीच हो!” मी म्हटलं, “थांबा, अजून आहे.”

प्रश्नांची वेळ झाली. कुणी व्हिसाचं विचारलं, कुणी शाकाहारी जेवणाचं. मग मी हात वर केला. लोक हसले. बायकोच नवऱ्याला प्रश्न विचारते म्हणजे गंमतच.

“गाडी नक्की कोण चालवत होतं? तुम्ही, की संकल्प?”

ह्यांना ते झोंबलं. चार लोकांत बायकोने शंका घेतलेली कुठल्या साहेबाला सहन होते?

“संकल्प? त्याची छाती आहे का! घाबरून हँडल धरून बसला होता शेजारी. गाडी मी चालवत होतो.”

“सांगायला काय, कुणीही सांगेल,” मी म्हटलं. “कधी? कुठे? काही पुरावा?”

बस्स. पुरावा म्हटल्यावर ह्यांच्या अंगात जुना इन्स्पेक्टर संचारला. छत्तीस वर्षं हे तपासणीचे रिपोर्ट लिहीत आले. रिपोर्टमध्ये तारीख, वेळ, ठिकाण नसेल तर तो ह्यांना रिपोर्टच वाटत नाही. भाजी आणायला गेले तरी घरी येऊन तसंच सांगतात. ताठ उभे राहिले, हात मागे बांधले आणि घडाघडा सुरू झाले. जूनची अमुक तारीख. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. अमुक घाट, अमुक गावाच्या पुढे. गाडीचा नंबर. रस्त्याची मर्यादा ऐंशी, प्रत्यक्ष वेग एकशे एकोणपन्नास. “चालक, शेषराव वानखेडे, निवृत्त लोको इन्स्पेक्टर. सोबत मुलगा, डाव्या नव्हे, उजव्या सीटवर. खांबावर कॅमेरा, त्याचा प्रकाश मी स्वतः पाहिला. आणखी काही?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि खाली बसले.

अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. हे दोन्ही हात जोडून वाकले.

घरी येऊन ह्यांनी कोट काढायच्या आत मी व्हिडिओ संकल्पला पाठवून दिला होता. मग ह्यांना सांगितलं. हे मटकन सोफ्यावर बसले. नवऱ्याला फसवलंस म्हणाले, घरभेदी म्हणाले, छत्तीस वर्षांच्या सर्व्हिसवर पाणी ओतलंस म्हणाले. मी म्हटलं, “ओतलं. काय करता?” आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना असं बोलले, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात संकल्पचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“आई, पाहिला व्हिडिओ. वकिलाला फोन करून सगळं त्याच्या भाषेत सांगितलं, तो म्हणतो एवढं पुष्कळ आहे. सगळं आलंय त्यात, नंबरसकट.”

“मग देऊन टाक!”

तो म्हणाला, “नाही आई. बाबांना न विचारता मी त्यांच्याविरुद्ध काही देणार नाही. बाबा हो म्हणाले तर देतो. नाहीतर उद्या माझं नाव लिहून मोकळा होतो.”

इतकं सगळं करून पुन्हा त्याच माणसाच्या दारात! असल्या बापाला असला मुलगा कसा झाला, देव जाणे. मी फोन ह्यांच्यासमोर धरला. “बोला,” म्हटलं. “तुमच्या एका शब्दावर आहे. पोरगं ठेवायचं की सर्व्हिस, ते आता तुम्हीच बोला.”

हे फोनकडे बघत राहिले. घसा खाकरला. चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं, विरघळला माणूस. आता म्हणेल, चुकलं रे बाळा.

“संकल्प,” हे म्हणाले, “त्या व्हिडिओत शेवटच्या टाळ्या ऐकू येतात का रे?”

“येतात बाबा,” पोरगं म्हणालं. “खूप जोरात येतात.”

“पोलीस पूर्ण बघतील ना? टाळ्यांपर्यंत?”

“बघतील, बाबा.”

“मग दे.”

इतकंच. तुझं कसं होईल रे, असं नाही. जेवलास का, असं नाही. मला त्या क्षणी ह्यांची इतकी किळस आली की फोन हातातून ओढून घेताना माझी नखं ह्यांच्या बोटाला लागली. मी गॅलरीत गेले आणि पोराला म्हटलं, “आत्ताच्या आत्ता पाठव, राजा. ह्यांचं मन फिरायच्या आत पाठव.”