बोटाखालची शीर

“आजी, पाणी कमी पिता ना? शीर लागतच नाहीये,” सिस्टर म्हणाली, आणि तिची नजर आपोआप खाली गेली.

दोनदा टोचून झालं होतं. कोपराच्या खळग्यात निळा डाग पडला होता. तरी ओशाळल्या त्या आजीच. कालपासून तांब्याभर पाणी जास्तच प्यायले म्हणाल्या, आणि स्वतःच बाही वर सारून दुसरा हात पुढे केला.

वीस वर्षं सिस्टरनं रक्तच काढलं होतं. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटानं शोधायची, असं ती नव्या मुलींना बजावायची. तीन महिन्यांपूर्वी आठवडाभर विषाणूचा ताप आला. ताप गेला, पण मुंग्या बोटांच्या टोकाशी ठाण मांडून बसल्या. जिना चढताना मांड्या लटपटायच्या. डॉक्टर म्हणाले, नसांना मार बसलाय, भरून यायला वेळ लागेल. सासूबाई म्हणाल्या, ताप कधीच गेला, आता नखरे उरलेत. दवाखान्यात मात्र तिनं ब्र काढला नव्हता. कळलं तर खुर्ची जाणार, आणि नोंदणीच्या खिडकीत बसावं लागणार. म्हणून ती अंदाजानं टोचायची, आणि चुकलं की दोष पेशंटवर. कुणी जाड, कुणी घाबरट, कुणी पाणी न पिणारं.

“माझंच मेलं अंग नतद्रष्ट,” आजी म्हणाल्या. “तुमच्या हाताला गुण आहे, म्हणून तर मी तुमच्याच रांगेत थांबते.”

सिस्टरनं दुसऱ्या हातावर बोट ठेवलं. खाली शीर होती की नुसती कातडी, काही कळेना. तिनं सुई परत ठेवली.

“आजी, तुमची शीर चांगली आहे. माझंच बोट बधिर झालंय. मघाशी पाण्याचं बोलले, ते खोटं होतं.”

मग तिनं पलीकडच्या खुर्चीवर रक्त काढणाऱ्या बाईला हाक मारली. तिच्या जड हातावरून सिस्टरनं तिचं नाव ‘लोहारीण’ पाडलं होतं, आणि सगळा दवाखाना त्यावर हसला होता.

लोहारीण आली. पहिल्याच टोचणीत नळी लाल झाली. कापसाचा बोळा सिस्टरच्या हातात देऊन ती गेली.

सिस्टरनं तो आजींच्या हातावर दाबून धरला. दाब पुरेसा पडतोय की नाही, ते कळावं म्हणून ती कापसाकडे टक लावून बघत राहिली.