एका खोक्यातला माल

विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाला गावातलं बरंच काही दिसतं, आणि त्यातलं निम्मं न दिसलेलंच बरं असतं. प्रसेनजित शेलूबाजारचा लाईनमन. त्या दुपारी तो हायवेकडेच्या खांबावर चढला होता आणि समोर पवनच्या दुकानात त्याला स्वतःची बायको दिसली. पवन फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. त्याच्या काउंटरवर मोबाईल ठेवून पल्लवी काहीतरी दाखवत होती, तो मान डोलावत होता, आणि मग दोघंही खो-खो हसले. प्रसेनजितच्या हातातला पाना निसटला. खालून जाणारी म्हैस थोडक्यात वाचली.

आता त्या हसण्यात काय होतं? भाडं होतं. चीनहून येणाऱ्या पार्सलचं भाडं. पण खांबावरून भाडं दिसत नाही, दात तेवढे दिसतात.

पल्लवी घरी रेझिन ओतून वीतभर उंचीच्या बुद्धमूर्ती बनवायची. चेहऱ्यावरचं ते मंद हसू नीट उतरावं तर मऊ रबराचा, बारीक कामाचा साचा लागतो, आणि तसे साचे तिला चीनमधल्याच एका दुकानदाराकडे सापडले. पहिल्या वेळी तिने एकटीने मागवले, तेव्हा मालापेक्षा भाडंच जास्त लागलं. ती रडकुंडीला आली. प्रसेनजित म्हणाला, "हे आपलं काम नाई. सोडून दे." आणि ताट पुढे ओढून जेवायला बसला.

पवनचंही तेच दुखणं होतं. तो पंपाच्या तोंडाला लागणारे पितळी नोझल मागवायचा. माल मूठभर, वजन दगडासारखं. पंप दुरुस्तीला दिला होता म्हणून पल्लवी दुकानात गेली, बोलता बोलता विषय निघाला आणि दोघांची गट्टी जमली. विमानाने माल आणणारे दोन हिशेब लावतात. एक वजनाचा, एक जागेचा, आणि ज्यात जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. पल्लवीचे साचे हलके पण पोकळ, नुसती जागा खाणारे. पवनचे नोझल जागा खात नाहीत, वजन खातात. मग दोन्ही एकाच खोक्यात घातले तर? दुकानदारांनी आपापला माल तिकडेच, तो इकडे आणून देणाऱ्या मुंबईच्या एजंटच्या गोदामात पाठवायचा, तिथे वरचे पुठ्ठे, थर्माकोल सगळं काढून टाकायचं, आणि साच्यांच्या पोकळीत नोझल भरून एकच खोकं निघायचं. भाडं निम्म्यावर आलं. पल्लवीला इतका आनंद झाला की तिने शेजारपाजारी पेढे वाटले.

प्रसेनजितने पेढा खाल्ला. गोड लागला नाही.

एकदा तो अंघोळ करून आला तर पल्लवीचा फोन स्पीकरवर होता आणि पवन मोठ्याने सांगत होता, "वहिनी, यावेळी तुमच्या साच्याच्या पोटात माहे नोझल ठासून भराले सांगा!" प्रसेनजित टॉवेल धरून तसाच उभा राहिला. वाक्य साधं होतं, पण त्याच्या डोक्यात ते दिवसभर फिरत राहिलं. त्यात पल्लवीला सवयच लागली होती. पवनभाऊ म्हणतात खोकं मजबूत पाह्यजे. पवनभाऊ म्हणतात घाई नाई तर जहाजानं मागवा, अजून स्वस्त पडते. शेवटी एका दुपारी प्रसेनजितने वाटी सरकवून विचारलं, "पवनभाऊले या वरणात मीठ कमी वाटलं असतं का?"

"काहून? कमी हाय का?" पल्लवीने सरळ मिठाचा डबा पुढे केला. तिला टोमणा कळलाच नाही, आणि त्याचाही त्याला रागच आला. बायको भांडली असती तर बरं वाटलं असतं.

जळण्याची गंमत अशी की माणूस स्वतःच सरपण आणून घालतो. पवनचं दुकान रस्त्यात नसलं तरी प्रसेनजित वाकडी वाट करून तिथून जायचा. पवनची नवी मोटारसायकल, पवनचे दाट केस, पवनचं ते उठसूट 'वहिनी, वहिनी'. पवनची निकिता नावाची बायको होती, दुकानात बसून हिशेब पाहायची, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण जे दिसून उपयोग नव्हता ते तो पाहत नसे.

अशातच आसेगावच्या विहारसमितीचे माणिकराव घरी आले. नवीन विहाराचं उद्घाटन होतं, प्रत्येक दानदात्याला एक मूर्ती द्यायची होती. पल्लवीचं हे पहिलंच मोठं काम. "बाई, चेहरा असा पाह्यजे का माणसानं हात जोडलेच पाह्यजे," माणिकराव म्हणाले. "काम नीट झालं तं अनसिंगवाले बी तुलेच सांगतीन." पल्लवीने एवढ्या मूर्ती वेळेत व्हाव्यात म्हणून आणखी साचे मागवले, पवनने नोझल, आणि माल गोदामात पोचला.

पल्लवी नळावर गेली होती तेव्हा तिच्या फोनवर मुंबईच्या एजंटने फोटो पाठवला. फोन प्रसेनजितच्या हातात होता. फोटोत एक खोकं होतं आणि त्यावर काळ्या शाईत मोठी दोन अक्षरं. पीपी. तिकडे इतक्या खोक्यांतून आपलं ओळखू यावं म्हणून प्रत्येकाची खूण लिहितात. मार्क म्हणतात त्याला.

पीपी. पल्लवी-पवन.

प्रसेनजितच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. इथे शेलूबाजारात हसता ते हसता, आता चीनच्या गोदामात भिंतीएवढ्या अक्षरांत जोडीने नाव! त्याने मागचापुढचा विचार न करता लिहिलं : दोनों का माल अलग अलग करो. दो पार्सल बनाओ. एजंटने विचारलं, "मॅडम, किराया बहुत बढ़ेगा, चलेगा?" प्रसेनजितने लिहिलं, "चलेगा." मग सगळं पुसून टाकलं आणि फोन होता तसा चार्जिंगला लावला. त्या दिवशी तो खांबावर शीळ घालत चढला.

माल आला. दोन पार्सलं, दोन बिलं. पवनचं त्याच्या दुकानात गेलं, पल्लवीचं घरी. पल्लवीने बिल पाहिलं आणि खाटेवर बसली. साच्यांच्या जागेचं पूर्ण भाडं एकटीच्या डोक्यावर बसलं होतं. आसेगावच्या कामातून जे काही सुटणार होतं ते सगळं त्यात गेलं. आता हात मोडेपर्यंत मूर्ती ओतायच्या, त्या फुकट. तिने पार्सल उघडलं. पोटात नोझल नसल्याने साचे वाटेत चेपले होते. बुद्धाचा एक गाल आत गेलेला, ओठ वाकडे झालेले.

तिने एजंटला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, आपने ही तो बोला अलग करो. मैंने किराया पूछा, आपने लिखा चलेगा."

पल्लवीने फोन ठेवला. भाड्याला 'चलेगा' म्हणणारी पल्लवी अजून जन्माला यायची होती. आणि तिच्या फोनला घरात दुसरा हात एकच लागत होता. तिने दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"काहून केलं?"

प्रसेनजितने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग एकदम भडकला. "खोक्यावर पीपी लिवलं होतं! पल्लवी-पवन! मी काय डोये मिटून बसू?"

पल्लवीने हातातला चेपलेला साचा खाली ठेवला. "एजंटनं मार्क मागतला तवा पवनभाऊ म्हणे, माल तुमचा मोठा हाय वहिनी, तुमचंच नाव टाका. मी पल्लवी प्रसेनजित टाकलं."

तेवढ्यात फोन वाजला. पवनच होता. पल्लवीने नेहमीसारखा स्पीकर लावला.

"वहिनी, भाडं डबल काहून लागलं? आपुन एकत्र नव्हतं का सांगतलं?"

प्रसेनजितला वाटलं, आता ती सांगणार. उद्या सगळ्या बाजारात बोभाटा होणार, लाईनमन बायकोवरून जळतो म्हणून.

"माहीच चूक झाली, पवनभाऊ," पल्लवी म्हणाली. "गडबडीत मीच अलग करा म्हणून लिवलं. तुमचं बी नुकसान केलं."

"जाऊ द्या, व्हते असं. पुढच्या खेपेले ध्यान ठेवू."

"पुढच्या खेपेपासून तुमी तुमचं मागवत जा, भाऊ. माह्यानं नाई जमणार."

पवन "बरं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

प्रसेनजितला खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. छातीत गारगार झालं. त्या पवनशी ती खोटं बोलली, आणि ते कुणासाठी, तर नवऱ्यासाठी. इतके महिने ज्या उत्तरासाठी तो खांबांवरून डोळे ताणत होता ते आज असं घरबसल्या मिळालं.

पल्लवीने चुलीवर पाणी ठेवलं होतं. गरम पाण्यात धरलं की चेपलेला साचा थोडाफार सरळ होतो. ती एकेक साचा बुडवून आतून अंगठ्याने गाल वर काढत होती. प्रसेनजित तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"पल्लवी," तो हळूच म्हणाला, "तू मले वाचवलं."

तिने साच्यावरून नजर काढली नाही.

"तुमाले नाई वाचवलं," ती म्हणाली. "हे माह्या नवऱ्यानं केलं, असं सांगाची लाज वाटली मले."