लख्ख नाणं

हालिनाने नाणं खिडकीपाशी नेलं. उजेडात तिरकं धरलं, फिरवलं, पुन्हा तिरकं धरलं. आता शाबासकी मिळणारच, म्हणून अंजनाबाई आपल्या फुलून उभ्या.

"अरे विचार की, कसं झालंय म्हणून!" त्यांनी लेकाला, देवानंदला, कोपराने ढोसलं.

जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या इमारतीत हालिना समोरच्याच दारात राहायची. मूळची पोलंडची, नवरा गेलेला, एकटीच. गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना कुंड्यांना पाणी घालायला म्हणून तिने देवानंदकडे किल्ली दिली. आणि इथे त्याची आई तीन महिन्यांसाठी आलेली, हाताला काम नसलेली. मग काय विचारता! कुंड्या झाल्या, खिडक्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या फोटोपुढचं ते नाणं दिसलं. पोलंडने आपल्या कुणा कवीच्या शताब्दीला काढलेलं, चांदीचं. पण पार डागाळलेलं.

अंजनाबाईंना डाग म्हणून खपायचा नाही. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचा, यशवंतरावांचा, चष्मासुद्धा त्या दर रविवारी पदराने पुसून ठेवायच्या. इथे येतानाही तो बॅगेत होताच. त्यांनी नाण्याची प्लॅस्टिकची डबी उघडली आणि टूथपेस्ट लावून नाणं असं घासलं, की कवीचं नाकही थोडं झिजलं असेल. पण चमकलं हो!

आज हॉस्पिटलमधून परतलेली हालिना हळू आवाजात काहीतरी बोलली. देवानंदचा चेहरा पडला.

"काय म्हणते?"

"काही नाही. डांके म्हणते, आभार मानते."

"मला बनवू नकोस, देवा. खरं सांग."

"आई, हे नाणं तिच्या नवऱ्याने हॉस्पिटलमध्ये शेवटचं हातात धरलं होतं. चांदीवर बोट उमटलं की ते तसंच राहतं. ती रोज असं तिरकं करून बघायची. तू डाग समजून घासलास ना, तो त्याचा अंगठा होता."

अंजनाबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"अगं बाई! काय करून बसले मी हे. सांग तिला, मला ठाऊक नव्हतं. माफी माग रे माझ्यासाठी."

असू दे, असू दे अशा अर्थाचं काहीतरी म्हणत हालिनाने त्यांच्या हातावर थोपटलं. नाणं डबीत घालून फोटोपुढे ठेवलं. दुखरा गुडघा सांभाळत चहाही केला. चहा संपेपर्यंत फोटोकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर अंजनाबाईंनी बॅगेतून चष्मा काढला. रविवार नव्हता. दांड्यांना धरून त्यांनी तो खिडकीपाशी नेला. उजेडात तिरका धरला, फिरवला, पुन्हा तिरका धरला.

"आई, काय शोधतेस?" देवानंदने विचारलं.

सहा वर्षांचे रविवार झाले होते. दोन्ही काचा लख्ख होत्या.