मथुराबाईंनी नेसवलेलं लुगडं

दर गुरुवारी संध्याकाळी श्रीधर नऊवारी नेसून, नाकात नथ घालून टीव्हीवर मथुराबाई व्हायचा, आणि अर्धं पुणे हातातलं काम टाकून समोर बसायचं. मथुराबाई पाहुण्यांना आधी चहा देत, मग त्यांची बिनपाण्याने हजामत करत. मंत्री असो की नट, सगळे हसत हसत ऐकून घेत. मंडईत भाजीवाल्या श्रीधरला थांबवून सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. फक्त त्याच्या आईने, आनंदीबाईंनी, कार्यक्रम कधी पाहिला नाही, निदान तसं त्या सांगत. बायकांची टवाळी करून पोट भरतोस, असं एकदा बोलल्या, आणि पुढे पंधरा वर्षं कामापुरतंच बोलल्या. हे श्रीधरला फार लागलं होतं.

त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळी कोथरूडहून, थोरल्या भावाच्या घरून, हेमावहिनीचा फोन आला. चार महिन्यांपूर्वी झटका आल्यापासून आनंदीबाईंचा उजवा हात चालत नव्हता. जन्मभर लुगड्यात वावरलेली बाई गाऊनमध्ये दिवस काढत होती. वहिनीला नऊवारी नेसवता येत नव्हती. बाजारातून शिवलेली आणली, तर आनंदीबाईंनी हा कोणत्या उशीचा अभ्रा, असं विचारून परत केली. गुरुजी आले, पाहुणे जमले, आणि गाऊनवर पाटावर बसणार नाही म्हणून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. घरात नऊवारी नेसवता येणारं माणूस आता एकच उरलं होतं.

श्रीधर धावतपळत आला. मी नेसवतो, असं त्याने दाराबाहेरून सांगितलं.

"पुरुषाच्या हातून मी लुगडं नेसणार नाही," आतून उत्तर आलं.

तो वळला. तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "तुझी ती मथुराबाई मोकळी असली तर तिला पाठव."

संध्याकाळच्या चित्रीकरणाचं सामान गाडीत होतंच. पाऊण तासाने मथुराबाई पदर सावरत पाहुण्यांमधून गेल्या. मंत्र म्हणता म्हणता गुरुजीही चुकले.

आत त्याने आईला कपाटाच्या आधाराने उभं केलं. अंग किती हलकं झालं होतं! लहानपणी अंथरुणात झोपेचं सोंग घेऊन तो तिचं नेसणं बघायचा, तशाच निऱ्या त्याने घातल्या.

"काष्टा सैल झाला," आनंदीबाई म्हणाल्या. "टीव्हीवर तुमचाही सैलच असतो. दर गुरुवारी बघते मी."

त्याने काष्टा सोडून पुन्हा घट्ट खोचला.

"अहो मथुराबाई," त्या आरशाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या धाकट्याला एक निरोप द्याल? म्हणावं, मी उगाच बोलले. तुमचं ते चालणं, ते टोमणे, सगळं माझंच आहे. फार जीव लावून उचललंय त्याने. मला हे त्याच्या तोंडावर सांगवत नाही."

"सांगते," मथुराबाई म्हणाल्या, पण आवाज श्रीधरचाच निघाला.