वरच्या पेल्यातला आकडा

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे आणि तुमच्याशी बोलताना मला लाज वाटते. मान खाली घालावी म्हटलं तर तीही सोय नाही. पोटात शिशाचे छर्रे भरलेत, त्यामुळे रसात सोडलं की मी आपला ताठ उभा. दाट, गोड रसात मी वर तरंगतो, पातळ रसात खाली बुडतो. माझ्या काचेच्या नळीवरचा आकडा वाचून रसात साखर किती, ते लोक ओळखतात.

माझी उमेदीची वर्षं बेलापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथले उत्तमराव मला रोज कोमट पाण्याने धूत, मऊ फडक्याने पुसत. उसाच्या रसावरून वाद झाला की म्हणत, याला विचारा. काय माझा रुबाब होता तेव्हा! मग बटण दाबलं की आकडा दाखवणारं यंत्र आलं आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. सात वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. निवृत्त होताना उत्तमरावांनी साहेबांना विचारून मला घरी आणलं आणि राजूरला दिलेल्या आपल्या लेकीला, सीमाताईला, देऊन टाकलं.

सीमाताई चार बायकांना घेऊन जांभळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करते. रस आटवून दाट करायचा, पिंपात पाणी घालून बेताचा पातळ करायचा, मग आंबवायला ठेवायचा. सुरुवातीला साखर नेमकी हवी, नाहीतर सगळं पिंप वाया जातं. माझा आकडा चौदा यावा लागतो. रस आटवायचं काम लंकाबाईचं. दिवस दिवस ती एकटी चुलीपुढे बसायची.

यंदा लंकाबाईने दाट रस पिंपात ओतला आणि ती चूल विझवायला गेली. वरून मापाने पाणी घातलं छबूबाईने, अगदी अलगद, आणि लगेच तोंडाला फडकं बांधलं. ढवळलं कुणीच नाही. भरल्या बरणीला हात लावला की लोणचं नासतं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. थोड्या वेळाने सीमाताईने फडकं सोडून वरचाच पेलाभर रस घेतला आणि मला त्यात सोडलं. मी पार गळ्यापर्यंत बुडालो. आकडा आला सहा. तिने मला पुसून पुन्हा सोडलं. पुन्हा सहाच.

खरं सांगू? मला तेव्हा आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा शब्द प्रमाण मानत होतं.

"रस घरी गेला असंल," छबूबाई हळूच म्हणाली. "आटवताना तिथं दुसरं कोन हुतं?"

सीमाताई माझ्यावरचा आकडाच पुन्हा वाचत राहिली. लंकाबाई आत आली तशा सगळ्या गप्प झाल्या. तिने पेल्यातल्या माझ्याकडे पाहिलं, मग एकेकीच्या तोंडाकडे. चहा न घेताच ती घरी गेली.

आकडा फोनवर ऐकून दुसऱ्या दिवशी उत्तमराव एसटीने आले. त्यांनी एक पेला वरून घेतला आणि एक खालच्या तोटीतून. वरच्यात मी सहावर. खालच्यात सोडलं तर मी असा उसळून वर आलो, की माझ्यावरचे आकडेच संपले. त्यांनी कपाळाला हात लावला. लाकडी दांड्याने पिंप तळापासून ढवळलं आणि मला पुन्हा सोडलं. चौदा!

"रस तळाशी बसला होता, पोरी," ते म्हणाले. "यानं वरचं पाणी मोजलं."

छबूबाईचं तोंड एवढंसं झालं. मी तरी कोणत्या तोंडाने वर बघू? मी पेल्याचं सांगितलं होतं, पिंपाचं नव्हे, पण मिरवलो मात्र पिंपाचा पंच होऊन.

सीमाताई मला हातात घेऊन लंकाबाईच्या दारात गेली. या काचेनं घात केला, म्हणाली.

"काचंला कशाला बोल लावता, ताई?" लंकाबाई म्हणाली. "तिला तोंड न्हाई. तुमाला हुतं की. एक डाव इचारायचं हुतं."

ती परत कामाला आली. रस अजून तीच आटवते. पण मला पेल्यात सोडायची वेळ झाली, की आकडा कळेपर्यंत हात पदरात गुंडाळून दाराबाहेर उभी राहते.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना धुऊनपुसून जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते राहू द्या. आधी पिंप तळापासून ढवळा. आणि दाराबाहेर कुणी उभं असेल, तर तिला आत बोलवा.