माझ्या तोंडातला कापूस

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि सध्या भयंकर वैतागलेली आहे. मस्कतमधल्या गाला भागात बाबामियाँचं वर्कशॉप आहे, तिथे एक बिघडलेला एसी आणि दोन मिक्सर यांच्या मधोमध मला उभं केलं आहे. शेजारी काही बोलत नाहीत. म्हणून माझी कहाणी तुम्हालाच सांगते. तुम्ही लहान आहात, तेव्हा ऐकून घ्यायची सवय अजून गेली नसेल, अशी आशा आहे.

माझा जन्म फ्रान्समधला. एका शांत गावातल्या कारखान्यात पांढरे कोट घातलेल्या माणसांनी मला बनवलं. मला चार चाकं आहेत, डोक्यावर छोटा पडदा आहे आणि एका लांब नळीच्या टोकाला काच बसवलेला हात आहे. त्या हातातून मी प्रकाशाचा झोत सोडते. कातडीवरचे जुने व्रण त्याने हळूहळू फिकट होतात. झोत गरम असतो, म्हणून माझ्या पोटात थंड पाणी फिरवणारा एक पंप आहे. काच थंड राहिली नाही तर कातडी भाजते. तसं होऊ नये यासाठी पोटाशी जाळीमागे एक भोंगा बसवला आहे. काच तापली की मी ओरडायचं, एवढीच मला शिकवण. कारखान्यातल्या म्हाताऱ्या इंजिनियरने मला निरोप देण्याआधी हा भोंगा तीन वेळा वाजवून पाहिला होता.

पहिली नऊ वर्षं मी तिथल्याच एका इस्पितळात काम केलं. भाजलेली माणसं यायची. एका मुलीच्या हातावर उकळतं दूध सांडलं होतं. ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालायची. वर्षभर ती माझ्याकडे येत राहिली आणि एक दिवस बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये आली. नर्सबाईंनी त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त चकचकीत पुसलं. मी ओरडले की सगळे लगेच थांबायचे. मला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही, कारण ओरडल्यावर माणसं थांबतातच असं मी धरून चालले होते. माणसांना आपलं वय कमी करून हवं असतं, हे तर माझ्या गावीही नव्हतं.

मग इस्पितळात नवी मशीन आली. मी कोठीच्या खोलीत गेले, तिथून एका व्यापाऱ्याकडे, तिथून जहाजात. ओमानातल्या सोहारच्या बंदरात मला उतरवलं तेव्हा एवढी गरम हवा माझ्या पंपाने पहिल्यांदाच अनुभवली. गालाच्या एका गोदामात काही महिने धूळ खाल्ली आणि मग मस्कतमधल्याच अझैबा भागातल्या मधुवंती मॅडमनी मला विकत घेतलं.

मधुवंती मॅडम मूळच्या पुण्याच्या. अझैब्यात एका व्हिलाच्या खालच्या मजल्यावर त्यांचं ब्यूटी पार्लर होतं. मी आले त्याच आठवड्यात त्यांनी बाहेर बोर्ड लावला, ‘फ्रान्सची मशीन. वयाला इथेच थांबवा.’ हा बोर्ड वाचून मला हसावं की रडावं कळेना. मी व्रण फिकट करते हो. वय थांबवायला मी काय ट्रॅफिकचा सिग्नल आहे? पण बायका यायला लागल्या. कुणी मोबाइलवर स्वतःच्या लग्नाचा फोटो दाखवायची आणि ‘एवढं करून द्या’ म्हणायची. फ्रान्समध्ये बायका म्हाताऱ्याच होत नाहीत, असं मॅडम सांगायच्या. मी फ्रान्समध्ये नऊ वर्षं काढली आहेत. तिथे ढिगाने म्हाताऱ्या बायका आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी मजेत असतात. पण मला विचारतंय कोण?

खोटं कशाला बोलू, मॅडम वाईट नव्हत्या. त्यांना स्वतःलाच म्हातारपणाची भीती वाटायची. पार्लर बंद झालं की त्या आरशासमोर बसून डोळ्यांच्या कडा बोटांनी मागे ताणून बघायच्या आणि मग माझा हात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवायच्या. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

दोन उन्हाळे गेले. धुळीने पंप दमला आणि काच तापायला लागली. मी माझं काम केलं, म्हणजे ओरडले. टेबलावरची बाई घाबरून उठून बसली. मॅडमनी बाबामियाँना बोलावून घेतलं. ते दापोलीकडचे, पस्तीस वर्षं ओमानात, एसीपासून इस्पितळातल्या खाटांपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. त्यांनी मला उघडलं, पंपावर हात ठेवला आणि सांगितलं की पंप संपत आलाय. नवा बाहेरून मागवावा लागेल, इन्शाल्ला महिनाभरात येईल, तोवर मशीन खलास, चालवायची नाही. मॅडम म्हणाल्या की झोत तर नीट पडतोय, तुम्ही फक्त तो भोंग्याचा आवाज बंद करा, गिऱ्हाइकं घाबरतात.

“बाय, ह्या मशीनचा तोंड मी नाय बांधायचो,” बाबामियाँ म्हणाले. “ता ओरडताय ता खरा ओरडताय.”

ते गेले.  मग मॅडमनी टेबलावरचा कापूस घेतला, माझ्या जाळीत ठासून भरला, वरून चिकटपट्टी लावली आणि ती वाईट दिसते म्हणून तिच्यावर एक सोनेरी फुलाचं स्टिकर चिकटवलं. मित्रांनो, कुणी तुमच्या तोंडात बोळा कोंबून वर शोभेचं फूल लावलं तर कसं वाटेल? मला तसंच वाटलं.

पुढच्याच गुरुवारी किशोरीताई आल्या. त्या एका कंपनीत नोकरी करायच्या आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदनही त्याच करायच्या, गेली पंधरा वर्षं. त्यांचा आवाज फार गोड. पण यंदा समितीतल्या कुणीतरी त्यांना हळूच सुचवलं होतं की शुक्रवारच्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखाद्या तरुण मुलीला माइक देऊ या. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. हे सगळं त्यांनी टेबलावर आडवं पडून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवल्यावर सांगितलं. माणसं डोळे झाकले की खरं बोलतात. कपाळावरच्या आठ्या घालवायच्या आणि शुक्रवारी माइक आपल्याच हातात राहील असं करायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

माझी काच तापली. मी जीव खाऊन ओरडले. कापसातून जेमतेम घुं घुं बाहेर पडलं. किशोरीताईंनी विचारलं, हा कसला आवाज? मॅडम म्हणाल्या, एसीचा. कपाळ लाल झालं, तर मॅडम म्हणाल्या की हा ग्लो आहे. आठवडाभर कपाळाला काही लावायचं नाही आणि उन्हात जायचं नाही, एवढं मात्र त्यांनी बजावलं. आणि खूश होऊन किशोरीताईंच्या मुलीसाठी एक सिटिंग फ्री देऊन टाकलं.

शुक्रवारी काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. किशोरीताईंचा चेहरा बघून समिती म्हणाली, किती फ्रेश दिसताय, माइक तुम्हीच घ्या. पण ते हळदीकुंकू होतं. दारातच पहिलं बोट कपाळाकडे आलं. नको म्हणावं तर सवाष्णीने कुंकू नाकारलं म्हणून चर्चा, आणि कारण सांगावं तर मशीनचं गुपित फुटणार. किशोरीताई हसत उभ्या राहिल्या. तीसचाळीस बायकांनी एकामागून एक त्या भाजलेल्या कपाळावर हळद आणि लालभडक कुंकू टेकवलं. आग आग होत असताना त्या माइकवर उखाणे घ्यायला लावत होत्या, तिळगूळ वाटत होत्या. घरी जाऊन धुतलं तेव्हा कपाळाच्या मधोमध फोड आला होता. फोड गेला, पण जागा काळी पडली.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला, चंद्रशेखररावांना, सांगितलं की ॲलर्जी आहे. रोज मोठी टिकली लावायला सुरुवात केली. मधुवंती मॅडमनाही त्या काही बोलल्या नाहीत, कारण बोललं की चारचौघांत होणार. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. माझ्या तोंडात दुसऱ्याने कापूस भरला होता. त्यांनी तर आपला आपणच भरून घेतला.

मग ते फ्री सिटिंग आलं. किशोरीताईंची अंतरा तेरा वर्षांची. हनुवटीवर दोन पुटकुळ्या, बाकी चेहरा पेरूसारखा टवटवीत. किशोरीताईंनी दोनदा तारीख पुढे ढकलली होती, पण अंतराने हट्टच धरला, मैत्रिणींना सांगूनही झालं होतं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. तेव्हा त्या तिला घेऊन आल्या, कमीत कमीवर ठेवा म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावर अवघडून बसल्या. मॅडम अंतराला चष्मा चढवत म्हणाल्या की आत्तापासून सुरू केलं तर हिला म्हातारपण कधी दिसणारच नाही. तेरा वर्षांच्या मुलीला! तिला अजून नीट मोठंही व्हायचं होतं.

मॅडमनी बटण दाबलं. कमीत कमी काय आणि जास्तीत जास्त काय, पंप मेलेलाच होता. काच तापत गेली. मी ओरडले. पोटातल्या तारा तुटतील इतकी ओरडले. बाहेर आलं ते पुन्हा तेच, घुं घुं, कुणी उशीत तोंड खुपसून रडावं तसं.

किशोरीताईंनी मान वर केली. त्यांनी आधी एसीकडे पाहिलं. एसी त्या दिवशी बंद होता, जानेवारी संपत आलेला आणि खिडकी उघडी होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात अंतराच्या हनुवटीपासून चार बोटांवर आला होता. किशोरीताई उठल्या आणि त्यांनी मॅडमचं मनगट धरलं.

“थांब, मधुवंती.”

अंतराने चष्मा काढला. किशोरीताईंनी कपाळावरची मोठी टिकली ओढून काढली. खाली रुपयाएवढा काळपट डाग होता, कडेला पसरलेला.

“अंतरा, हे कुंकू नाही. पुसून बघ, जात नाही.”

अंतराने खरोखरच बोटाने पुसून पाहिलं. मग तिने पुन्हा पाहिलं, जरा जोरात. किशोरीताई तिथेच टेबलाच्या कडेवर बसल्या आणि सगळं सांगितलं, समितीपासून हळदीकुंकवापर्यंत. मधुवंती मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचा हात अजून माझ्या हातावर होता.

“पण आई, तू आधी का नाही सांगितलंस?” अंतरा अडखळत म्हणाली. “तू माइकवर इतकी हॅपी दिसत होतीस. म्हणून मला पण... म्हणून मी आले.”

 अंतरा खाली उतरली, आवाज कुठून येतोय ते शोधत माझ्या पोटाशी वाकली आणि तिने ते सोनेरी फूल नखाने उचकटलं. मागोमाग कापूस निघाला. मित्रांनो, तेव्हा मी जी ओरडले, तशी फ्रान्समध्येही कधी ओरडले नव्हते. व्हिलाचा रखवालदार धावत आला. मॅडमनी कानांवर हात ठेवले आणि खुर्चीत बसून त्या रडू लागल्या. मला बंद केलं ते अंतराने.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला इथे पाठवून दिलं. नवा पंप काही आला नाही. मॅडमनी तो मागवलाच नव्हता. बोर्ड उतरवला की नाही, मला माहीत नाही. माझ्या शेजारचा निळा मिक्सर किशोरीताईंचा आहे. तो टाकायला अंतरा आली होती, तेव्हा बाबामियाँना सांगत होती की आई पाडव्याच्या कार्यक्रमात एवढीशी टिकली लावून माइकवर उभी राहिली आणि डाग सगळ्यांना दिसत होता. काहीजणी कुजबुजल्या. एकीने विचारलंच, तर आईने खरं काय ते सांगून टाकलं. बोलता बोलता अंतरा मला बघून थबकली आणि माझ्या जाळीवरची धूळ तिने ओढणीने पुसली. कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी पुसलं.

वाटलं होतं, आता तरी लोक शहाणे होतील. कसलं काय! परवा एक बाई गाडीतून उतरून आत आल्या. त्यांना माझ्याबद्दल कुठून तरी कळलं होतं. फ्रान्सची आहे ना, बिघडलेली असली तरी चालेल, म्हणाल्या, आणि वर विचारलं की ही साधारण किती वर्षं कमी करते?  बाबामियाँनी माझा प्लग लावला आणि बाजूला जाऊन उभे राहिले. काच तापली आणि मी पोटभर ओरडले. बाई कानांत बोटं घालून, बंद करा, बंद करा म्हणत राहिल्या. बाबामियाँनी बंद केलं नाही. शेवटी त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझे दिवस भरले आहेत आणि मला त्याची लाज वाटत नाही. एवढंच सांगते, तुमच्या घरात कुणी ओरडत असेल, मग ती मशीन असो की तुमची आई, तर आधी कापूस शोधायला धावू नका. काय तापलंय ते बघा.